टायर बदलता येत नाही अशी गाडी घ्याल का?

समजा, तुम्ही दुचाकी घ्यायला गेलात. सेल्समन म्हणाला, "साहेब, गाडी एकदम स्लिम आहे, लूक झकास. फक्त एक आहे, टायर रिमला कायमचे चिकटवलेत. झिजले की गाडी इकडे आणा, बघू काय करता येतं. बहुतेक नवीनच घ्यावी लागेल." तुम्ही काय कराल? हसाल आणि शेजारच्या शोरूममध्ये जाल.

हेच तुम्ही-आम्ही सत्तर-ऐंशी हजारांचा लॅपटॉप घेताना मात्र माना डोलावतो. प्रोसेसर कितव्या पिढीचा, विचारतो. बॅग फुकट आहे का, विचारतो. वजन किती ग्रॅम, तेही विचारतो. पण "बॅटरी बदलता येते का? रॅमला स्लॉट आहे की सोल्डर केलीय?" हे विचारणारा शंभरात एक सापडला तरी मी पेढे वाटीन. आणि आपण सगळे म्हणे इंजिनियर!

मुद्दा साधा आहे. बॅटरी हा झिजणारा पार्ट आहे. ब्रेक शू, क्लच प्लेट, टायर या जातीतला. लिथियम-आयन सेल पहिल्या दिवसापासून म्हातारा व्हायला लागतो, वापरला तरी आणि कपाटात ठेवला तरी. यात कोणाचा दोष नाही, ते रसायनशास्त्र आहे. दोष आहे तो झिजणारा पार्ट गोंदाने आत बसवून वर "नाजूक आहे, हात लावू नका" म्हणण्यात.

आता बॅटरी टिकवण्याबद्दल. यावर आपल्याकडे जितकं अज्ञान फिरतं तितकं आयपीएलवरही फिरत नसेल. "महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणायची, मग रात्रभर चार्ज करायची." अहो, हा निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला आहे. लिथियमला शून्य आवडत नाही, आणि शंभरावर तासन् तास बसून राहणंही आवडत नाही. सगळ्यात जास्त नावडते ती उष्णता. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावर एक छोटं कोष्टक आहे. पूर्ण चार्ज केलेला सेल ४० अंश तापमानात वर्षभर ठेवला तर त्याची क्षमता ६५ टक्क्यांवर येते. तोच ४० टक्के चार्ज करून ठेवला तर ८५ टक्के उरते. २५ अंशाला हेच आकडे अनुक्रमे ८० आणि ९६ आहेत. आता आठवा, एप्रिल महिन्यात कंपनीच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी असलेली गाडी आणि तिच्या मागच्या सीटवर पडलेली तुमची लॅपटॉपची बॅग.

म्हणजे करायचं काय? बऱ्याच लॅपटॉपमध्ये हल्ली ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा. डेस्कवर दिवसभर चार्जर लावून बसणाऱ्यांनी तर आजच. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची जाळी बंद होते. पंख्यातली धूळ वर्षातून एकदा साफ करा; चाकणच्या रस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्यांना धुळीबद्दल मी वेगळं सांगायला नको. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी', एक स्पेस, तिरकी रेघ आणि 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप केलं, की मूळ क्षमता किती होती आणि आज किती उरलीय याचा पूर्ण अहवाल मिळतो. फुकट. रंगीत दिवे लावलेल्या कूलिंग पॅडपेक्षा ही एक ओळ जास्त कामाची.

पण हे सगळं म्हणजे टायरमध्ये हवा नीट ठेवणं झालं. त्याने टायर जास्त चालतो, अमर होत नाही. आमच्या टीममधल्या एकाचा लॅपटॉप तीन वर्षांत टचपॅडपाशी वर आला. बॅटरी फुगली होती. (तुमचीही फुगली तर दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. लॅपटॉप बंद करून जाणकाराकडे न्या.) सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, बॅटरी सुटी मिळत नाही, कीबोर्ड आणि वरचा भाग यांच्यासकट पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल. अंदाजपत्रक नव्या लॅपटॉपच्या जवळजवळ निम्मं! हे म्हणजे पंक्चर काढायला गेलो आणि अर्ध्या गाडीचं बिल हातात आलं.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. २००५-०६ च्या सुमारास लॅपटॉप वापरलेल्यांना आठवत असेल, खाली दोन खटके असायचे, सरकवले की बॅटरी हातात. दुसरी बॅगेत ठेवायची. भोसरी-चाकण पट्ट्यात तर गुरुवार हा लाईट जाण्याचा वार, त्यामुळे ती दुसरी बॅटरी चैन नव्हती, गरज होती. रॅमसाठी एक स्क्रू काढायचा. मग २०१२ मध्ये रेटिना स्क्रीनचा मॅकबुक प्रो आला. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, बॅटरी गोंदाने चिकटवलेली. आयफिक्सिटने त्याला दुरुस्तीसाठी १० पैकी १ गुण दिला. लोकांनी तो रांगा लावून घेतला, आणि बाकीच्या कंपन्यांनी काय धडा घ्यायचा तो बरोबर घेतला.

तुम्ही म्हणाल, पातळ आणि हलका हवा तर एवढी तडजोड करावीच लागते. शिवाय कमी वीज खाणारी वेगवान रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते, म्हणून सोल्डर करतात. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य होतं, हे मी मान्य करतो. पण आता त्यावरही उत्तर आहे. २०२४ च्या थिंकपॅड पी-१ मध्ये एलपीकॅम-२ नावाचं मॉड्यूल आलं: तशीच रॅम, पण स्क्रूने काढता येणारी. त्याच वर्षीच्या थिंकपॅड टी-१४ ला आयफिक्सिटने १० पैकी ९ गुण दिले. दोन रॅम स्लॉट आणि ग्राहकाला स्वतः बदलता येणारी बॅटरी. म्हणजे जमत नाही असं नाही. कोणी विचारत नाही म्हणून करत नाहीत.

मला राग येतो तो याचा की हे आपल्या गावात चालतं. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा सुट्या भागांवर जगतो! इथे घरटी एक माणूस कुठल्यातरी गाडीचा कुठलातरी पार्ट बनवतो, तपासतो किंवा पोचवतो. आकुर्डीत बनलेल्या जुन्या चेतकला स्टेपनी होती आणि ती रस्त्याच्या कडेला बदलणं प्रत्येकाच्या वडिलांना यायचं. भोसरीच्या शेडमध्ये माझ्यापेक्षा वयाने मोठ्या एचएमटीच्या लेथ आजही चालतात, कारण त्यांचं बेअरिंग निघतं आणि बसतं. जुन्या पीएलसीसाठी सिरियल पोर्टवाला लॅपटॉप मेंटेनन्सवाले देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा जपतात. तो जपता येतो, कारण तो उघडता येतो.

आणि याच कारखान्यांचं पर्चेस खातं बघा. प्रेस मशीन घेताना स्पेअरची यादी मागतात, ड्रॉइंग मागतात, सुटे भाग किती वर्षं मिळतील ते लिहून घेतात. मग तेच खातं पाचशे लॅपटॉपची ऑर्डर काढतं, तेव्हा यातलं काहीही विचारत नाही. फक्त दर पाडून घेतं. अरे, ताकद तुमच्याकडे आहे! दुकानात एकट्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो? पाचशे नगांच्या ऑर्डरला विचारावंच लागतं.

कोणाला वाटेल, चार वर्षांनी लॅपटॉप बदलला तर आपलं काय बिघडलं, कंपनीच देते. आपलं नाही बिघडत. बिघडतं ते आपला टाकलेला लॅपटॉप घेणाऱ्याचं. कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप फेकले जात नाहीत. ते डिप्लोमाच्या पोरांकडे जातात, गावाकडच्या भाच्याकडे जातात, क्लासेसमध्ये जातात. त्यात ८ जीबीची १६ करता आली आणि चार-पाच हजारांची बॅटरी बसवता आली, तर एका पोराची तीन वर्षं निघतात. सोल्डर आणि गोंद असेल तर तोच लॅपटॉप भंगार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा असे किती जुने पण धडधाकट लॅपटॉप एका दिवसात 'कालबाह्य' झाले. त्यांना लिनक्स तरी तारतं. चिकटवलेल्या बॅटरीला कोण तारणार?

युरोपने कायदा केला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली पोर्टेबल बॅटरी, थोडे अपवाद सोडले तर, ग्राहकाला साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान पाच वर्षं ती सुटी मिळाली पाहिजे, आणि सॉफ्टवेअरने तिची अडवणूक करता येणार नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती झाली, पोर्टल झालं. पोर्टल म्हणजे माहिती. माहितीने गोंद सुटत नाही.

म्हणून निदान एवढं करा. पुढचा लॅपटॉप स्वतःसाठी घ्या नाहीतर कंपनीसाठी, पैसे द्यायच्या आधी चार प्रश्न विचारा:

१. बॅटरी सुटी मिळते का, कितीला, आणि किती वर्षं मिळेल?
२. ती साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघते का?
३. रॅमला आणि एसएसडीला स्लॉट आहेत का?
४. सर्व्हिस मॅन्युअल सगळ्यांना खुलं आहे का?

सेल्समनला उत्तरं येणार नाहीत. हरकत नाही. त्याला वर फोन करून विचारू दे, तुम्ही तोवर खुर्चीत बसून राहा. दिवसातून दहा जण असे बसून राहिले, तर वरच्यालाही उत्तरं पाठ करावी लागतील. आणि उत्तर "नाही" आलं तर, टायर चिकटवलेल्या गाडीचं जे केलं असतं तेच करा. हसा, आणि पुढच्या दुकानात जा.