चीन सोडला, पण चीन सुटला का? इटलीतल्या ‘ली सरां’ची गोष्ट

२६ नोव्हेंबर २०२२ ची रात्र. शांघायमधल्या एका रस्त्यावर लोक फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जमायला लागले. रस्त्याचं नाव उलुमुची रोड. दोनच दिवसांपूर्वी शिनजियांगची राजधानी उरुमचीमध्ये एका रहिवासी इमारतीला आग लागली होती आणि सरकारी आकड्यानुसार त्यात १० जणांचा जीव गेला होता. उरुमचीला चिनी भाषेत उलुमुची म्हणतात. हजारो किलोमीटर लांबच्या शहरासाठी रडायचं कुठे, तर आपल्या शहरातल्या त्याच नावाच्या रस्त्यावर. शांघायकरांनी तेच केलं.

रात्र चढत गेली तशा घोषणा सुरू झाल्या. आधी ‘लॉकडाऊन उठवा’. मग ‘शी जिनपिंग, पायउतार व्हा’. चीनमध्ये भर रस्त्यावर राष्ट्राध्यक्षांचं नाव घेऊन असं ओरडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

हे व्हिडिओ चिनी ॲप्सवर पडायचे आणि थोड्याच वेळात गायब व्हायचे. तरी जगाने ते पाहिले, कारण लोक ते इटलीत राहणाऱ्या एका चिनी चित्रकाराला पाठवत होते. त्याच्या ट्विटर अकाउंटवर स्वतःचा फोटो नव्हता, हाताने काढलेलं एक मांजर होतं. आणि अकाउंटचं नाव होतं, ‘ली सर तुमचे सर नाहीत’.

कोण आहेत हे ली सर?

खरं नाव ली यिंग. २०१५ साली ते चित्रकला शिकायला इटलीला गेले आणि तिथेच राहिले. चीनच्या वेबो या सोशल मीडियावर ते आधी चित्रकलेबद्दल लिहायचे. हळूहळू लोक त्यांना मेसेज करून आपल्या अडचणी सांगू लागले. नाव उघड न करता आमचं म्हणणं मांडा, अशी विनंती करू लागले. ली ते पोस्ट करायचे आणि अकाउंट बंद व्हायचं. नवीन काढायचे, तेही बंद. असं जवळपास ५० वेळा झाल्यावर २०२२ मध्ये ते ट्विटरवर आले. चीनमध्ये ट्विटरवर बंदी आहे, तिथून ते पाहायचं तर व्हीपीएन लागतं. पण निदान तिथलं अकाउंट बीजिंगला बंद करता येत नव्हतं.

आंदोलनाच्या त्या दिवसांत आपल्याला एका सेकंदाला ३० ते ४० मेसेज येत होते, असं ली यांनी नंतर सांगितलं. आलेला व्हिडिओ पाहायचा, तारीख-ठिकाण तपासायचं आणि टाकायचा, हे त्यांचं काम. काही आठवड्यांत फॉलोअर्स आठ लाखांच्या पुढे गेले. आपण आंदोलनाचे नेते नाही, जे घडतंय त्याची नोंद ठेवतोय, हेच ते सांगत आले. मतं मांडण्यापेक्षा नोंद ठेवणं हीच त्यांची भूमिका. पण जिथे नोंदच पुसली जाते, तिथे नोंद ठेवणारासुद्धा विरोधक ठरतो.

लोक एवढे का चिडले होते?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९८९ मध्ये तियानआनमेन चौकातलं आंदोलन चिरडल्यानंतर चीनमध्ये सरकार आणि जनतेत जणू एक अलिखित करार झाला. तुम्ही राजकारणात पडू नका, आम्ही तुमची भरभराट करतो. सरकारने आपली बाजू बऱ्यापैकी पाळली, हे मान्य करावंच लागेल. जागतिक बँकेच्या हिशेबाने चार दशकांत जवळपास ८० कोटी चिनी लोक अत्यंत गरिबीतून बाहेर आले. शहरातल्या मध्यमवर्गाला फ्लॅट मिळाला, गाडी मिळाली, मुलं परदेशात शिकायला गेली. बोलता येत नाही, पण जगता तर येतंय ना, एवढ्यावर अनेकांचं समाधान होतं.

कोविडने नेमकं इथेच बोट ठेवलं. ‘झिरो कोविड’ म्हणजे एक रुग्ण सापडला तरी अख्खी सोसायटी बंद, कधी अख्खं शहर. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये अडीच कोटींचं शांघाय जवळपास दोन महिने घरात कोंडलं होतं. देशातल्या सगळ्यात श्रीमंत शहरात लोक भाजीसाठी ताटकळत होते. राजकारणात न पडणाऱ्याच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं आणि तक्रार करायला जागा नव्हती. उरुमचीतही आग लागली तेव्हा शंभरहून जास्त दिवस निर्बंध सुरू होते. अडथळ्यांमुळे लोकांना बाहेर पडता आलं नाही, हा आरोप प्रशासनाने फेटाळला, पण ज्यांनी स्वतः ते अडथळे पाहिले होते त्यांना तो पटला नाही.

म्हणून आंदोलक हातात कोरे कागद घेऊन उभे राहिले. लिहिलेलं सगळं पुसलं जात असेल तर लिहायचंच कशाला? हाँगकाँगमध्ये २०२० साली हीच युक्ती वापरली गेली होती. ७ डिसेंबर २०२२ ला सरकारने बहुतेक निर्बंध मागे घेतले. आंदोलनामुळे घेतले, असं अर्थातच म्हटलं नाही. कागद धरणाऱ्या काही तरुणांची नंतर गुपचूप धरपकड झाली.

‘रुन’ म्हणजे पळा

त्याच वर्षी चिनी इंटरनेटवर एक अक्षर गाजलं, ‘रुन’. मूळ अर्थ ओलावा देणं, चकाकी आणणं. पण रोमन लिपीत ते लिहिलं की इंग्रजीतल्या ‘रन’सारखं, म्हणजे ‘पळ’ असं दिसतं. सेन्सॉरला चकवून देश सोडण्याची चर्चा या एका अक्षरावर चालली. पैसेवाले सिंगापूर, जपानकडे वळले. ज्यांच्याकडे व्हिसा मिळण्याइतकं काही नव्हतं, ते इक्वेडोरला विमानाने जाऊन तिथून जंगलं आणि सात-आठ देश पार करत अमेरिकेच्या सीमेवर पोहोचले. आपल्याकडे ज्याला ‘डंकी’ म्हणतात, अगदी तोच प्रकार. २०२३ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर ३७ हजारांहून जास्त चिनी नागरिक पकडले गेले. अमेरिकेच्या बरोबरीला आलेल्या देशातून हे लोक निघाले होते.

या लोकांची तक्रार फक्त सरकारबद्दल नसते. २०२२ च्या सुरुवातीला शुझोऊजवळच्या एका गावातून व्हिडिओ आला होता. आठ मुलांची आई, गळ्यात साखळी, थंडीत एका खोपटात. आधी वेगवेगळी सरकारी निवेदनं आली, मग ती बाई मानवी तस्करीची बळी असल्याचं कबूल झालं. पण वर्षानुवर्षं आजूबाजूचे लोक गप्प कसे राहिले, हा प्रश्न अनेक चिनी बायकांनी ऑनलाइन विचारला. शांघाय लॉकडाऊनमधला आणखी एक व्हिडिओ असाच गाजला. क्वारंटाइन सेंटरला जायला नकार देणाऱ्याला अधिकारी धमकावतो, शिक्षा झाली तर तुझ्या तीन पिढ्यांवर परिणाम होईल. तो शांतपणे उत्तर देतो, आमची ही शेवटची पिढी आहे, धन्यवाद. मूल जन्माला घालायचं की नाही, एवढंच आपल्या हातात उरलंय असं वाटणारी पिढी त्या वाक्यात होती.

अर्थात परदेशातला प्रत्येक चिनी माणूस असाच विचार करतो, असं नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात हाँगकाँगच्या बाजूने आंदोलन झालं, तेव्हा त्यांच्यावर चालून गेलेल्यांत चीनचे समर्थक विद्यार्थीच होते. बाहेर गेल्यावर देशाबद्दलचा अभिमान वाढलेलेही पुष्कळ आहेत, आणि ते सगळे सरकारने पेरलेले असतात असं समजणं चूक ठरेल. बाहेर राहणारे बरेच जण मात्र गप्प असतात. पण गप्प बसलेल्याचं मत काय, हे मोजणार कसं?

आई-बाबा अजून तिकडेच आहेत

गप्प राहण्याचं कारण बहुतेकदा घरी असतं. ली इटलीत सुरक्षित होते, पण त्यांचे आई-वडील चीनमध्ये, आन्हुई प्रांतात राहत होते. नोव्हेंबरच्या त्याच दिवसांत पोलीस त्यांच्या दारात गेले, मुलगा काय करतो, पैसे कोण देतं, असं विचारायला. आपली चीनमधली बँक खाती गोठवली गेली, असंही ली यांनी सांगितलं. मुलाला हात लावता येत नाही, मग म्हाताऱ्यांशी बोलायचं. ही पद्धत ली यांच्यापासून सुरू झालेली नाही. परदेशातल्या उइगुर आणि तिबेटी लोकांनी ती बरीच आधी अनुभवली आहे.

२०२२ मध्येच स्पेनमधल्या ‘सेफगार्ड डिफेंडर्स’ या संस्थेने परदेशांत चालणाऱ्या चिनी ‘पोलीस केंद्रां’वर अहवाल काढला. ती लायसन्स नूतनीकरणासारख्या कामांसाठी स्वयंसेवक चालवतात, असं चीनचं उत्तर होतं. तरीही अनेक युरोपीय देशांनी चौकशी लावली आणि न्यूयॉर्कमधल्या अशा केंद्राच्या प्रकरणात २०२३ मध्ये दोघांना अटक झाली.

ली यांनी अकाउंट बंद केलं नाही. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी एक विचित्र पोस्ट टाकली. चिनी पोलीस आपल्या फॉलोअर्सना एकेक करून शोधत आहेत, काहींना चौकशीला बोलावलंय, असं सांगून त्यांनी चीनमधल्या लोकांना विनंती केली, मला अनफॉलो करा. तेव्हा त्यांचे १६ लाख फॉलोअर्स होते. लवकरच १४ लाख उरले.