पेढ्याच्या दुकानात जपानी

नृसिंहवाडीत देवळाकडं उतरणाऱ्या गल्लीत पौर्णिमेच्या सकाळी उभं राहिलं की कानावर निम्मी कानडी पडते. चिकोडी, अथणी, रायबागकडच्या गाड्या पहाटेच येऊन लागलेल्या असतात. "बर्री, बर्री" करत दुकानदार गिऱ्हाइकाला आत घेतो, कवठाच्या बर्फीचा तुकडा तळहातावर ठेवतो, भाव कानडीत सांगतो, घासाघीस कानडीत करतो आणि पैसे मोजता मोजता आतल्या पोरावर मराठीत ओरडतो, "खोका बांध की लवकर!" हे कानडी कुणी क्लास लावून शिकलेलं नाही. ह्या माणसाला दोन भाषा येतात, असं गावात कुणी कौतुकानं सांगतही नाही. नारळ सोलता येतो तसं कानडी येतं.

ह्याच गल्लीतल्या पेढ्याच्या दुकानदाराचं एखादं घर घ्या आणि त्या घरातल्या पोरीनं जपानी शिकायला घेतलंय असं समजा. लगेच चर्चासत्र भरतं.

"कशाला?" हा पहिला प्रश्न आईचा. "इंग्रजी तरी धड येतंय काय?" हा बापाचा. मामा फोनवरूनच विचारतो, "त्याला पगार किती पडतोय?" मैत्रिणींची मागणी साधी असते: "बोलून दाखव की कायतरी!" बिचारी लाजत लाजत स्वतःचं नाव-गाव सांगणारं एक वाक्य म्हणते, की सगळ्या फिदीफिदी हसतात आणि पुन्हा म्हणायला लावतात. चुलतभाऊ 'आय लव्ह यू'ला जपानीत काय म्हणतात तेवढं विचारून घेतो. जपानीतलं ते एकच वाक्य त्याला जन्मभर पुरतं. आजी सगळं ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "मग तू तिकडं जाणार काय गं?"

ह्या सगळ्यांत मुद्द्याचं आजीच बोलते. बाकीचे उपयोग विचारतात, पगार विचारतात, टर उडवतात. पण सगळ्यांच्या मनात खदखदत असतं ते हेच. कानडीनं माणसं दुकानात आणली, म्हणून ती कुणाला सलत नाही. जपानी, जर्मन घरातलं माणूस बाहेर नेणार, असं घराला वाटतं. भाषेबद्दलचा राग, थट्टा किंवा कौतुक, तिन्हीच्या तळाशी हा हिशेब असतो.

वाडीत तर परक्या भाषेला देवळापर्यंत मान आहे. गुरुचरित्राचा कर्ता सरस्वती गंगाधर आपल्याला मराठी येत नाही, असं पहिल्याच अध्यायात सांगून टाकतो आणि पुढं पन्नासावर अध्याय मराठी ओवीत लिहून काढतो. ४१व्या अध्यायात कानडी पदं येतात. मराठी घरांतल्या सप्ताहात ती पदं, अर्थ कळो न कळो, एक अक्षर न गाळता म्हटली जातात. जी आजी नातीच्या जपानी पाठांतरानं वैतागते, तीच ही पदं सोवळ्यात बसून वाचते. ज्यांच्या पादुकांसाठी गाव भरतं, ते नृसिंहसरस्वती तर विदर्भातल्या कारंज्यात जन्मले, वाडीला १२ वर्षं राहिले आणि पुढं कानडी मुलखात गाणगापूरला गेले. म्हणजे वाडीचं कानडी मुलखाशी जुनंच नातं. भीती आहे ती विमानाच्या अंतराची.

ही भीती कोल्हापूरलाही नवी नाही. १८७८ साली कोल्हापुरात पोस्टात कारकून असलेल्या गोपाळराव जोश्यांनी बायको आनंदीच्या शिक्षणासाठी एक इंग्रजी पत्र अमेरिकेला धाडलं. ते ज्यांना लिहिलं ते रॉयल वाइल्डर हे कोल्हापूर मिशनचे संस्थापक. अमेरिकेत परतून ते मासिक काढत होते. पत्र त्यात छापून आलं. दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या थिओडिसिया कारपेंटर ह्या बाई दंतवैद्याकडं ताटकळत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला आणि त्यांनी उत्तर लिहिलं. कल्याणची, वयाच्या नवव्या वर्षी लग्न झालेली आनंदी त्या बाईंना 'मावशी' मानून इंग्रजीत पत्रं लिहू लागली.

लोकांनी काय केलं, ते तिनंच सांगून ठेवलंय. रस्त्यानं जाताना लोक हसले, खडे मारले, थुंकले. घरात मात्र उलटाच प्रकार. अभ्यास टाकून स्वयंपाकात रमली म्हणून नवऱ्यानं मारल्याची हकिकत तिच्या चरित्रकारांनी लिहिली आहे. भाषा शिकणाऱ्या माणसाला घरचा पाठिंबा हवा, असं आपण सहज बोलून जातो. गोपाळरावांसारखा पाठिंबा असला तर शिकणाऱ्यानं कुणाकडं पाहायचं? तरी ती शिकली. १८८३च्या फेब्रुवारीत, निघण्याआधी सुमारे दीड महिना, सेरामपूरला तिनं इंग्रजीत जाहीर भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातो आहोत, एकटी का जातो आहोत, परत आल्यावर जातीबाहेर पडावं लागेल त्याचं काय, असे लोकांचेच प्रश्न घेऊन एकेकाला उत्तर दिलं. तोवर वयाची अठरा वर्षंही पुरी नव्हती. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियातून ती डॉक्टर झाली आणि नेमणूक मिळाली ती कोल्हापूरच्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये. रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात ती गेली.

आनंदीबाईंना रस्ता नडला. रमाबाई रानड्यांना माजघर. रमाबाई मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या, म्हणजे वाडीकरांच्या शेजारच्याच. १८७३मध्ये लग्न होऊन त्या महादेव गोविंदांच्या घरी आल्या, आणि नवऱ्यानं त्यांना आधी मराठी अक्षरं, मग इंग्रजी शिकवायला घेतलं. पुण्याच्या वाड्यात सासू, नणंद, इतर नात्यातल्या बायका असा मोठा गोतावळा होता. १९१०मध्ये आलेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त रमाबाईंनी त्या दिवसांचं जे लिहिलंय, ते आजच्या कुठल्याही एकत्र कुटुंबातल्या सुनेला ओळखीचं वाटेल. थेट भांडण क्वचित. टोमणे मात्र उठता-बसता. शिकवायला येणाऱ्या मिस हरफर्डना शिवलं म्हणून स्नानाचा आग्रह. भांडी घासायच्या जागी पडलेला इंग्रजी वर्तमानपत्राचा तुकडा वाचत बसल्या, तर त्यावरून दिवसभर बोलणी. पुण्यात मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून भरलेल्या सभेत गव्हर्नरांपुढं त्यांनी इंग्रजीत वाचून दाखवलं, तेव्हा शहरात वाहवा झाली. घरी आल्यावर काय वाट पाहत होतं, ते वेगळं सांगायला नको. हे सगळं त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं नाही. इतक्या वर्षांनी पुस्तकातच घातलं.

त्या बायकांना खलनायिका ठरवणं फार सोपं आहे. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर काल आलेली, आपल्यासोबत गव्हले वळणारी पोर आता माडीवर नवऱ्यासमोर पुस्तक घेऊन बसते, आणि तिथं काय बोलणं चालतं ते त्यांना कळत नाही. ती परदेशी गेली नव्हती. एक जिना चढून गेली होती. घरातलं माणूस आपल्यातून उठून गेल्याचं दुःख तेवढ्यानंही होतं; ते दुःख म्हणून बोलून दाखवायची सोय नव्हती, मग ते सोवळ्याच्या भाषेत बाहेर आलं. रमाबाईंनी सोसलं ते त्यामुळं कमी होत नाही.

विनोबांच्या घरात प्रकरण हलक्यानं निभावलं. बडोद्याला हायस्कुलात दुसरी भाषा म्हणून वडिलांच्या इच्छेनं त्यांनी फ्रेंच घेतली. आई रुक्मिणीबाईंनी ब्राह्मणाच्या मुलानं संस्कृत शिकू नये काय, एवढंच विचारलं. पोरानं फ्रेंच सोडली नाही, संस्कृत स्वतःहून शिकला, आणि आईला संस्कृत गीता कळेना म्हणून पुढं १९३२मध्ये 'गीताई' लोकांच्या हाती आली. नंतर कुराण मुळातून वाचायला त्यांनी अरबीही केली. अशी कथा ऐकायला गोड लागते. तिच्याच शेजारी दुसरी ठेवली पाहिजे. रामजी सकपाळांना आपल्या मुलांनी संस्कृत शिकावं अशी फार इच्छा होती. मुंबईच्या शाळेत अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते, आणि भीमरावांना नाइलाजानं फारसी घ्यावी लागली. एका घरात परकी भाषा आवडीनं आली, दुसऱ्या घरावर ती लादली गेली. घरच्यांना काय वाटतं हा प्रश्नसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही.

आता काळ बदललाय म्हणतात, आणि ते बरंचसं खरं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १०,००० कुशल तरुण तिकडं पाठवायचे आणि त्यासाठी जर्मन शिकवायची, असं ठरलं. जपानशी केंद्र सरकारचा असाच करार जानेवारी २०२१मधला. वृद्धांच्या शुश्रूषेपासून शेतीपर्यंत ठरावीक क्षेत्रांत त्यावर व्हिसा मिळतो, आणि त्याला एन-फोर पातळीचं जपानी लागतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे. 'ए-वन', 'बी-टू' ही जर्मनच्या पातळ्यांची नावं आता नर्सिंगच्या पोरींच्या आयांनाही पाठ आहेत, कारण जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता हवी तर बी-टूपर्यंत जावं लागतं.

त्याबरोबर घरचा सूरही बदलला. पोरगं जर्मन शिकतंय ही गोष्ट लग्नाच्या बायोडाटात 'छंद' ह्या रकान्यातून 'शिक्षण' ह्या रकान्यात गेली. काका-मामा फी भरायला पुढं होतात. पण कौतुक व्हिसाला बांधलेलं. पोराचा बी-वन दोनदा हुकला की तेच काका म्हणतात, "मी तवाच सांगितलं हुतं, दुकान बघ म्हणून." आणि पोरगी असली तर कौतुकाला आणखी एक अट चिकटते: लग्न ठरेपर्यंत शिक, पुढचं पुढं. नवऱ्याकडच्यांना चालेल का, हे ज्या नवऱ्याचा अजून पत्ता नाही त्याच्या वतीनं आधीच विचारलं जातं. कुणी नुसत्या आवडीनं, जायचं-यायचं काही नसताना इटालियन शिकायला बसलं तर? त्याला अजून आपल्या घरांत उत्तर नाही. गाणं शिकायला, पेटी शिकायला कुणी नोकरीची हमी मागत नाही. गवई पलुस्कर जन्मले ते कुरुंदवाड तर वाडीच्या पलीकडंच आहे.

त्या पेढ्याच्या दुकानात रोज प्रत्यक्ष काय चालतं, ते मात्र तत्त्वाचं नसतं. गल्ल्यापाशी वजनकाट्याला टेकवून फोन उभा केलेला असतो. गिऱ्हाईक नसलं की पोरगी कानात एक इअरफोन घालून पुटपुटते, खव्याच्या पावतीच्या पाठीवर हिरागाना गिरवते. मूळ अक्षरं ४६, तेवढीच काताकाना, आणि त्यापुढं चिनी चित्राक्षरांचा डोंगर. व्याकरणाचा त्रास त्या मानानं कमी. क्रियापद शेवटी, शब्दयोगी अव्यय नामानंतर, सगळं मराठीसारखं. हे तिनं बापाला एकदा समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग सोपं हाय की. एवढी फी कशाला?"

मैत्रिणींचं 'बोलून दाखव' मात्र चालूच. गंमत अशी, की जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत बोलायचं असं काही नसतंच. शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं, एवढ्यावर निकाल. म्हणजे जपान सरकारचा पाठिंबा असलेली परीक्षा जे मागत नाही, ते वाडीतली शेजारीण रोज मागते. आणि खरं सांगायचं तर शेजारणीची परीक्षाच जास्त अवघड आहे.

घरातली खरी खडाखडी होते ती तारखांवरून. क्लास रविवारी, आणि रविवारी वाडीला गर्दी. ऑनलाइन रात्रीची बॅच घेतली तर खोके भरायची वेळ तीच. जेएलपीटी भारतात जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची, म्हणजे बहुतेक वेळा डिसेंबरातच. २०२५ साली दत्तजयंती ४ डिसेंबरला, गुरुवारी होती आणि जेएलपीटी ७ तारखेला, रविवारी. वाडीत जयंतीच्या मागचे-पुढचे दिवस धरून आठवडाभर पाय ठेवायला जागा नसते. बासुंदीच्या कढईपाशी उभं राहायला घरातलं प्रत्येक माणूस लागतं. परीक्षेला जायचं तर आदल्या दिवशी निघावं लागणार. बापाचं म्हणणं एवढंच, की जुलैला बस. पोरीचं म्हणणं, जुलैत पाऊस असतो, पंचगंगेला पूर आला तर वाडीतून बाहेर पडायचं कसं? आजीनं ह्या वादात पोरीची बाजू घेतली. शनिवार-रविवार दोन्ही दिवस गल्ल्यावर मी बसते म्हणाली. गिऱ्हाईक निम्मं कानडी, आणि घरात सगळ्यांत चांगली कानडी तिलाच येते.