कार्टूनच आहे ना, बघू दे!

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण घरात आठ-बारा वर्षांचं पोरगं असेल तर वाचाच.

मागच्या रविवारी धुळ्याला देवपुरात बहिणीकडे गेलो होतो. भाचा अकरा वर्षांचा. एरवी मामा आला की गळ्यात पडतो, त्या दिवशी कोपऱ्यात गप्प. बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "पोऱ्या दोन रात झोपना नही." दाराची कडी लावली का, हे बघायला तो रात्री चार वेळा उठतो म्हणे. बहिणीला विचारलं, यानं पाहिलं तरी काय? "काही नाही रे दादा, कार्टून पाहत होता मोबाईलवर."

ते कार्टून मीही पाहिलं. 'रेसिडेंट ईव्हिल: डेथ आयलंड', 2023 चा जपानी ॲनिमेशनपट. कॅपकॉम कंपनीचा हा व्हिडिओ गेम 1996 मध्ये आला आणि 2008 पासून त्यावर असे ॲनिमेशनपट निघतायत. अल्काट्राझ बेटावरचा जुना तुरुंग, विषाणू, त्यानं झॉम्बी झालेली माणसं आणि त्यांनी तोडलेले लचके. चित्र इतकं हुबेहूब की ते काढलेलं आहे हे पाच मिनिटांत विसरायला होतं. खोटं कशाला बोलू, मी शेवटपर्यंत पाहिला. पण तो मोठ्यांचा सिनेमा आहे. अमेरिकेत त्याला 'आर' आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्या पोराला पालकाशिवाय थिएटरात घेत नाहीत.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. 2021 च्या आयटी नियमांनी ओटीटीवर 7, 13 आणि 16 वर्षांवरचे असे गट पाडले, 13 च्या पुढच्या गटांना पालकांसाठी लॉक सक्तीचं केलं. थिएटरच्या सिनेमांनाही 2024 पासून तसेच गट आहेत. पण भाच्याकडे सिनेमा आला तो मित्राच्या भावानं पाठवलेल्या फाईलमधून. फाईलला कसलं आलंय लॉक?

आणि बहिणीला तरी काय बोलणार? 'कार्टून' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'छोटा भीम' येतो. परवा 'महावतार नरसिंह'लाही लोक पोराबाळांसकट गेलेच ना. चित्र काढलेलं आहे म्हणजे ते लहानांचं, हे आपण धरूनच चाललोय. जपानमध्ये कोणी तसं धरत नाही.

मला खरी चिंता दुसरीच आहे. 2020 मध्ये भाचा सहा वर्षांचा होता. गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले, शेजारच्या काकांना ॲम्ब्युलन्समधून नेलं, ते परत आले नाहीत. त्या उन्हाळ्यात तिकडे जळगावात रोज मृतांचे आकडे लिहिताना माझाही हात थरथरायचा. आपल्याला झॉम्बी हा खेळ वाटतो. विषाणू लागला की ओळखीचा माणूस आपला राहत नाही, हे त्या पोरानं आधीच पाहिलंय. त्यानं मला हळूच विचारलं, "मामा, तसा व्हायरस परत आला तर आजीला पण पत्र्याच्या आत ठेवतील का?" माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं.

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहीलच, बंदी घाला. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा मीच आमच्या पेपरात चौकट करून बातमी लावली होती. पुढच्या वर्षी तोच खेळ नाव बदलून आला, 2022 मध्ये पुन्हा बंद झाला, 2023 मध्ये पुन्हा सुरू. पोरांचं काही अडलं नाही.

माझं मागणं साधं आहे. वयाची खूण पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत दोन-चार सेकंद झळकते. ती मराठीत, मोठ्या अक्षरांत येऊ द्या: '16 वर्षांवरील मुलांसाठी'. जमलं तर बोलूनही सांगा. माझी बहीण मराठी शाळेत दहावी शिकली, तिला 'यूए' म्हणजे काय हे मी सांगितलं तेव्हा कळलं. आणि शाळांच्या पालकसभेत फी आणि युनिफॉर्म झाला की दहा मिनिटं मोबाईलवर द्या. लॉक कसं लावायचं ते एखाद्या शिक्षकानं करून दाखवावं. फाईलचा प्रश्न त्यानं सुटणार नाही, हे मलाही कळतं. तिथं पोराशेजारी बसून विचारावंच लागेल, काय बघतोस रे?

धुळे-जळगावातल्या कुठल्या शाळेला अशी सभा घ्यायची असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. मी येतो, मानधन नको, चहा पाजा. भाच्याला पुढच्या शनिवारी चार दिवस जळगावला आणतोय. कडी त्यालाच लावू देणार आहे.