बेवारस ठेवींचे वारस

बँका, विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि समभाग यांत मिळून एक लाख ८४ हजार कोटी रुपये कोणी मागणी न केल्यामुळे पडून आहेत, असे केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ४ ऑक्टोबर २०२५ रोजी गांधीनगर येथे सांगितले आणि हा पैसा ज्याचा त्याला पोहोचविण्यासाठी तीन महिन्यांच्या देशव्यापी मोहिमेचा आरंभ केला. मोहिमेला नाव दिले ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’. नाव अन्वर्थक आहे आणि मोहिमेमागील हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु ज्या सरकारने हे ब्रीद उच्चारले, त्याच सरकारने दहा वर्षांपूर्वी केलेल्या एका कायद्यात या अधिकाराला मुदत घालून ठेवली आहे. या विसंगतीकडे मोहिमेच्या गाजावाजात कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

प्रथम बँकांतील ठेवींचा विचार करू. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही की त्यातील शिल्लक रिझर्व्ह बँकेकडील ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होते. २०१२ च्या दुरुस्तीने बँकिंग नियमन कायद्यात त्यासाठी कलम घालण्यात आले व २०१४ साली हा निधी अस्तित्वात आला. त्यापूर्वी असा पैसा बँकेच्याच तिजोरीत राही आणि तो बिनबोभाट वापरण्याची सोय बँकेला मिळे. ठेवीदार जितका विसरभोळा तितका बँकेचा लाभ अधिक, असा तो उफराटा न्याय होता. तो मोडला हे योग्यच झाले. निधीत गेल्यानंतरही खातेदाराचा वा त्याच्या वारसाचा हक्क बुडत नाही. त्याने बँकेकडे मागणी केली की बँकेने पैसे द्यावेत आणि निधीकडून ते वसूल करावेत, अशी व्यवस्था आहे. कागदावर तीत दोष काढण्याजोगे फारसे नाही.

दोष आहे तो आकड्यांत. मार्च २०२३ अखेर या निधीत ६२,२२५ कोटी रुपये होते. मार्च २०२४ अखेर ते ७८,२१३ कोटी झाले. ही रक्कम आमच्या राज्याच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या अडीच पटींहून अधिक आहे. २०२३ साली रिझर्व्ह बँकेने शंभर दिवसांत प्रत्येक जिल्ह्यातील प्रत्येक बँकेच्या शंभर मोठ्या ठेवी मालकांस परत करण्याची मोहीम काढली, ‘उद्गम’ नावाची संगणकीय शोधसोय उघडली, आणि तरीही त्या वर्षात निधी सुमारे सोळा हजार कोटींनी वाढला. जेथे विहीर उपसली जात आहे म्हणून सांगावे आणि पाण्याची पातळी मात्र चढत जावी, तेथे उपसणाऱ्या हाताकडे एकदा निरखून पाहणे प्राप्त आहे.

निधीचा पैसा मुख्यतः सरकारी रोख्यांत गुंतविला जातो. म्हणजे तो अखेर सरकारच्याच कर्जउभारणीस साहाय्यभूत होतो. मालक परत आला तर त्याला मिळणारे व्याज आरंभी चार टक्के होते. जुलै २०१८ पासून साडेतीन व ११ मे २०२१ पासून तीन टक्के, तेही सरळव्याज. त्यानंतरच्या काळात दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर सहा टक्क्यांहून अधिक उत्पन्न मिळत आले आहे. मधला फरक निधीत राहतो. तो ठेवीदारांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा असा उद्देश सांगितला जातो. आमच्या मते ठेवीदाराला शिकविण्याआधी ठेवीदाराला शोधणे हे या पैशाचे पहिले काम आहे. शेजाऱ्याची हरवलेली गाय आपल्या गोठ्यात बांधून तिचे दूध काढावे, आणि त्या दुधाच्या पैशातून शेजाऱ्याला गुरे सांभाळण्याची पुस्तिका छापून द्यावी, असा हा प्रकार आहे.

तथापि बँकठेवींच्या बाबतीत हक्क तरी शाबूत आहे. अल्पबचत, सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांतील बेवारस रकमांची गत वेगळी. २०१५ च्या वित्त कायद्याने ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी निर्माण केला आणि या रकमा तिकडे वळविल्या. पंचवीस वर्षांत दावा आला नाही तर ती रक्कम कायमची केंद्र सरकारच्या मालकीची होईल, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. डाकघरात पै पै साठविणारा वर्ग बव्हंशी वृद्धांचा, विधवांचा आणि निवृत्तांचा. त्यांचाच पैसा त्यांच्याच कल्याणाच्या नावाने घ्यावा आणि पुढे त्यांच्या नातवंडांनी पासबुक पुढे केले तर मुदत संपल्याचे सांगावे, यास कल्याण हा शब्द लावण्यास आमची लेखणी धजत नाही.

पंचवीस वर्षे हा काळ मोठा वाटेल. गोमंतकीयांना तो तसा वाटण्याचे कारण नाही. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता येथून गेली, तत्पूर्वीच बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेकडे गोव्यातील लोकांनी गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला रवाना झाले होते. त्यात कोणाचे मंगळसूत्र होते, कोणाच्या पाटल्या होत्या. मुक्तीचा आनंद झालेल्या घरांतही ही एक सल राहून गेली. ते सोने गोव्यात परत आले १९९१ साली, म्हणजे तीस वर्षांनंतर. तीस वर्षांत माणसे जातात, घरांच्या वाटण्या होतात, पावत्यांना कसर लागते. तरीही ते आले. ज्या राजवटीविरुद्ध येथील माणसांनी तुरुंगवास पत्करला, त्या देशाने देखील तीस वर्षांनी का होईना पराया मुलखातील बायकांचे दागिने परत केले. आपल्या प्रजासत्ताकाचा पंचवीस वर्षांचा नियम त्या सोन्याला लावला असता तर पाच वर्षे आधीच ते सरकारजमा झाले असते. अर्थखात्यातील अधिकाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडचे. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या ज्यूंच्या खात्यांविषयी तेथील बँका अर्धशतक मौन धरून बसल्या. वारस आले तर त्यांच्याकडे मृत्यूचे दाखले मागितले जात, जणू छळछावण्यांतून दाखले दिले जात होते. अखेर जगभर छी थू झाल्यावर १९९७ साली त्यांना निष्क्रिय खात्यांच्या नावांची यादी वृत्तपत्रांतून जाहीर करावी लागली व पुढच्या वर्षी १२५ कोटी डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. तो प्रसंग निराळा आणि भीषण, त्याची तुलना आपल्याशी नाही. पण नावे उघडपणे छापली की वारस सापडतात एवढा धडा त्यातून घेण्याजोगा आहे. इंग्लंडने २००८ साली कायदा करून पंधरा वर्षे पडून राहिलेला पैसा समाजकार्यासाठी वापरण्याची मुभा दिली, पण मालकाचा हक्क मात्र कालमर्यादेशिवाय राखला. सार्वजनिक उपयोग आणि खासगी हक्क एकत्र नांदू शकतात हे यावरून सिद्ध होते, आणि म्हणूनच पंचवीस वर्षांच्या कलमाचे समर्थन आम्हांस कोठेच सापडत नाही.

गोव्यात तर ‘बेवारस’ हा शब्दच मुळात संशयास्पद आहे. येथील नागरी कायद्यानुसार विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. खाते एकाच्या नावावर असले तरी त्यातील अर्धा वाटा दुसऱ्याचा. खातेदार निवर्तला म्हणून त्याच्या विधवेचा अर्धा वाटा बेवारस कसा होईल? पण बँकेच्या खिडकीशी तिला नामनिर्देशन आहे का एवढेच विचारले जाते, आणि नसेल तर उपनिबंधकाकडून वारसाहक्काचा दस्तऐवज करून आणण्यास सांगितले जाते. दहा-पंधरा हजारांच्या शिल्लकेसाठी वकील, मुद्रांक आणि चार खेपा कोण करणार? ती बाई घरी परतते, खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनी तो पैसा रिझर्व्ह बँकेच्या आकड्यात जाऊन बसतो. मृत खातेदारांचे दावे पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकालात काढावेत आणि ठरावीक मर्यादेखालील रकमांना सोपी पद्धत लावावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून एका खात्याला चार जणांचे नामनिर्देशन करता येऊ लागले. दोन्ही सुधारणा स्वागतार्ह आहेत. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही केवळ विश्वस्त असून मालकी वारसांचीच राहते, ही गोष्ट बँकांनी अर्ज भरून घेताना सांगावयास हवी. ती न सांगितल्याने किती भावाभावांत वितुष्ट आले आहे, हे म्हापसा, फोंडा वा मडगावच्या न्यायालयांत एक सकाळ बसणाऱ्याला कळेल.

‘उद्गम’ सोयीत मार्च २०२४ पर्यंत तीस बँका आल्या होत्या. पतसंस्था बँकिंग कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याने त्यांतील विसरलेल्या ठेवींचा थांग त्या सोयीतून लागत नाही, आणि आमच्या गावोगावच्या बचतीचा मोठा भाग तर पतसंस्थांत आहे. शिवाय मुंबईला नोकरी केलेल्या पेडणे-सत्तरीच्या माणसाने गिरगाव किंवा परळच्या शाखेत उघडलेले खाते त्याच्या मुलांना ठाऊकच नसेल, तर संगणकावर नेमके काय शोधावे हेही त्यांना कळणार नाही.

राज्य सरकारने यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही. मृत्यूची नोंद पंचायतीत व नगरपालिकेत होते. दाखला देतानाच मृताची बँक, डाकघर व पतसंस्थांतील खाती तपासण्याची लेखी सूचना कुटुंबाला द्यावी, गावच्या पत्त्यावरील निष्क्रिय खात्यांची नावे रक्कम न दाखविता पंचायतीच्या फलकावर लावण्यासाठी बँकांकडे आग्रह धरावा, आणि सहकार निबंधकांनी पतसंस्थांकडून हीच यादी मागवावी. पंचवीस वर्षांचे कलम रद्द करण्याची मागणी मात्र गोव्याच्या खासदारांनी संसदेत करावयाची आहे. २०१५ च्या कायद्याची पंचवीस वर्षे अजून पुरी व्हायची आहेत. त्या कलमाखाली पहिली रक्कम सरकारजमा होण्यापूर्वी ते काढून टाकण्यास अवधी आहे.