लहरी पडीक राहिल्या, तोटा कोणाचा?

मोबाईल सेवेसाठी कोणत्या लहरी वापरायच्या, याची मूळ चौकट जिनिव्हास्थित आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या परिषदांमध्ये आखली जाते. त्यासाठी जगाचे तीन विभाग पाडण्यात आले असून भारत तिसऱ्या विभागात मोडतो. मात्र या लहरी कोणाला, किती दराने आणि कोणत्या अटींवर द्यायच्या, हा निर्णय प्रत्येक देशाचा असतो. या निर्णयाची किंमत किती मोठी असते, हे 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याने दाखवून दिले आहे.

कमी कंप्रतेच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंतींतूनही तुलनेने सहज आत शिरतात. त्यामुळे कमी मनोऱ्यांत मोठा परिसर व्यापता येतो. विरळ वस्तीच्या भागासाठी आणि सह्याद्रीतील वाड्यावस्त्यांसाठी हा पट्टा म्हणूनच मोलाचा ठरतो. अमेरिकेने दूरचित्रवाणीकडून मोकळा होणारा हा पट्टा 2008 मध्येच लिलावात काढला व सुमारे 19 अब्ज डॉलर मिळवले.

भारतात 2016 च्या लिलावात या पट्ट्याची राखीव किंमत प्रति मेगाहर्ट्झ 11,485 कोटी रुपये ठेवण्यात आली. एकाही कंपनीने बोली लावली नाही. 2021 मध्ये ती 6,568 कोटींवर आणूनही ग्राहक मिळाला नाही. अखेर 2022 मध्ये 3,927 कोटी रुपये दर ठरला, तेव्हा रिलायन्स जिओने देशातील सर्व 22 सर्कलमध्ये 10 मेगाहर्ट्झ घेतले.

सरकारच्या हात राखण्यामागे कारण होते. 2008 मधील टू-जी वाटपात 1 लाख 76 हजार कोटींचा संभाव्य तोटा झाल्याचा अंदाज महालेखापरीक्षकांनी 2010 मध्ये मांडला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले. पुढे 2017 मध्ये विशेष न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. तरीही स्वस्तात विकल्याचा ठपका येऊ नये, ही धास्ती प्रशासनात राहणे स्वाभाविक होते.

परंतु स्पेक्ट्रम हे कोठारातले धान्य नव्हे. आज न वापरलेली लहर उद्यासाठी साठून राहत नाही. सहा वर्षांत ना तिजोरीत पैसा आला, ना या लहरी गावांच्या कामी आल्या. ऑस्ट्रेलियातही 2013 मध्ये याच पट्ट्याचा काही भाग चढ्या किमतीमुळे विकला गेला नाही. तो 2017 मध्ये विकला गेला.

जर्मनीने 2010 मध्ये वेगळा मार्ग धरला. 800 मेगाहर्ट्झ घेणाऱ्या कंपन्यांनी आधी सेवेपासून वंचित लहान गावांत जाळे उभारावे, त्यानंतरच शहरांकडे वळावे, अशी अट तेथे घालण्यात आली. लिलावाचे यश केवळ जमा झालेल्या रकमेवर मोजायचे, की गावात लागणाऱ्या फोनवर, हा प्रश्न पुढील प्रत्येक लिलावाच्या वेळी विचारावा लागेल.