मान्यतेची खंडणी



ज्याने माणसास गुलाम केले, त्यानेच गुलाम मुक्त झाल्यावर नुकसानभरपाई मागावी, असा न्याय आपण कधी ऐकला आहे काय? कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाच्या वाट्यास तो आला.

हैती ही पूर्वी फ्रान्सची वसाहत होती. तेथे सुमारे ५ लाख आफ्रिकी गुलाम उसाच्या व कॉफीच्या मळ्यांत राबत. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बंड पुकारले. १७९४ साली फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. परंतु त्यात उदारतेपेक्षा निकडच अधिक होती. ब्रिटन व स्पेन यांच्याशी युद्ध जुंपले होते आणि काळ्या सैनिकांवाचून वसाहत टिकणारी नव्हती. एकेकाळी स्वतः गुलाम असलेल्या तूसाँ लूव्हेर्त्यूर या पुढाऱ्याने हे मर्म जाणले. १७९८ साली ब्रिटिश सेनापतीशी करार करून त्याने त्यांचे सैन्य माघारी धाडले व अमेरिकेशी व्यापाराचा मार्ग मोकळा केला. पुढे नेपोलियनच्या सेनापतींनी त्यास बोलणीसाठी बोलावून कपटाने कैद केले. १८०३ साली फ्रान्सच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. तथापि लढा थांबला नाही. १ जानेवारी १८०४ रोजी देसालीन याने स्वातंत्र्य पुकारले.

रणांगणावर जिंकलेले हे स्वातंत्र्य मान्य करावयास मात्र कोणी पुढे येईना. सर्व माणसे समान आहेत असे घोषित करणाऱ्या अमेरिकेने १८०६ साली हैतीशी व्यापार बंद केला आणि १८६२ पर्यंत मान्यता दिली नाही. आपले गुलाम हैतीचा धडा गिरवतील, ही तेथील मालकांची धास्ती होती. गुलाम मुक्त करण्याच्या अटीवर हैतीने बोलिव्हारास १८१६ साली शस्त्रे पुरविली. तरी १८२६ च्या पनामा परिषदेचे आमंत्रण हैतीस नव्हते.

अशा एकाकी देशाच्या बंदरात १८२५ साली फ्रान्सच्या युद्धनौका येऊन ठाकल्या. मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांना १५ कोटी फ्रँक द्या, ही राजाज्ञा त्यांनी आणली होती. म्हणजे मुक्त झालेल्यांनी स्वतःच्याच देहाचे मोल मालकास चुकते करावयाचे! पहिल्या हप्त्यासाठी कर्जही पॅरिसमध्येच काढावे लागले. १८३८ साली एकूण रक्कम ९ कोटींवर आली. परंतु या व्यवहारातून वाढलेले कर्ज फिटावयास १९४७ साल उजाडले.

हैतीला दोष देऊ नका. तोफा समोर होत्या आणि पाठीशी कोणीही नव्हते. परंतु ही खंडणी ओळखावयास शिका. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढावयाचे सोडले, तेव्हा कित्येक गावांनी बहिष्कार घातला. 'पूर्वीची कामे करा, मग सुखाने राहा,' हाच त्याचा अर्थ होता. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले, तीही एक किंमतच होती.

हक्क मागा, संघटित होऊन मागा, एकाकी पडू नका. परंतु आपले माणूसपण मान्य व्हावे म्हणून जुन्या मालकास एक कवडीही देऊ नका. ते त्याचे नव्हतेच. मग त्याची भरपाई कसली?