स्वस्त तिकिटाची खरी किंमत

लखनऊ छावनीत आर्मी मेडिकल कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील मराठी जवानास रजेवर घरी यावयाचे, तर पुष्पक एक्स्प्रेसने मुंबई गाठण्यास सुमारे एक दिवस लागतो. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने देशात अल्पदरातील विमानप्रवासाचे युग आणले. आज लखनऊच्या अमौसी विमानतळावरून मुंबई सुमारे अडीच तासांवर आली आहे.

मात्र वाचकहो, अशा तिकिटाचा दर मुख्यत्वे आसनाचा असतो. भोजन, पसंतीची जागा आणि सर्वसाधारणपणे १५ किलोंपलीकडील सामान यांचे पैसे वेगळे पडतात. यास फसवणूक म्हणता येणार नाही. जे घ्यावे त्याचेच मोल द्यावे, हा व्यवहार न्याय्यच आहे. परंतु तिकीट स्वस्त म्हणून प्रवाशाचा हक्क उणावत नाही. कंपनीने उड्डाण रद्द केल्यास पर्यायी उड्डाण अथवा परतावा देणे तिच्यावर बंधनकारक आहे.

तरीही डिसेंबर-जानेवारीत लखनऊवर दाट धुके उतरते, तेव्हा नियमापेक्षा नियोजन अधिक उपयोगी पडते. विमानाने वाचवलेला एक दिवस परतीसाठी हाताशी राखावा. परताव्याने पैसे मिळतील. हजेरीची चुकलेली वेळ मिळणार नाही.